फ्लोरिडाचा बांधकाम परवाना आणि सीईचे १४ तास: नूतनीकरणाची वाट, पहिल्या पायरीपासून

फ्लोरिडात बांधकाम कंत्राटदाराचा परवाना दर दोन वर्षांनी ३१ ऑगस्टला संपतो. ऑगस्टअखेर म्हणजे इथे वादळांचा भर हंगाम. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांचे फोन थांबत नाहीत, साइटवरचं सुटं सामान बांधून ठेवायचं असतं, खिडक्यांवर प्लायवूड चढवायचं असतं, आणि त्याच वेळी परवान्यासाठी सक्तीच्या १४ तासांच्या पुढील शिक्षणाची (सीई, म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन) नोंद राज्याकडे पोचलेली असावी लागते. २०१६ साली हर्मिन वादळ मेक्सिकोच्या आखातातून वर सरकत होतं, टँपाच्या सखल रस्त्यांवर पाणी चढलं होतं आणि माझे पाच तास शिल्लक होते. वीज जाईल या धाकात रात्रभर बसून मी ते उरकले. त्या पाच तासांत काय शिकलो, हे दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ते मला फार लागलं, कारण त्यातला एक तास वादळात छप्पर कसं टिकवावं यावरचाच होता.

तेव्हापासून मी हे तास दोन वर्षांत पसरून करतो. टँपा, ओरलँडो, जॅक्सनव्हिल भागातले आपले बरेच सिव्हिल इंजिनीअर आता स्वतःच्या नावावर परवाना घेऊन कामं करतात, आणि दर जुलैत त्यांतल्या कुणाचा तरी फोन येतोच, “दादा, तास कुठे करायचे?” त्या सगळ्यांसाठी हे एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर तुमचे नियम वेगळे असणार. इथले आकडे तिथे लावू नका.

पहिली पायरी: आपला परवाना कोणता, ते बघा

हे सांगायला नको असं वाटेल, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. फ्लोरिडात दोन प्रकार आहेत. ‘सर्टिफाइड’ परवाना राज्यभर चालतो आणि सम वर्षी संपतो: २०२६, २०२८ असा. ‘रजिस्टर्ड’ परवाना ठरावीक शहर किंवा काउंटीपुरता (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) असतो आणि विषम वर्षी संपतो. परवाना क्रमांकाची पहिली अक्षरं पाहिली की कळतं. सीजीसी म्हणजे सर्टिफाइड जनरल, सीबीसी म्हणजे बिल्डिंग, सीआरसी म्हणजे रेसिडेन्शियल, सीसीसी म्हणजे रूफिंग. ‘आर’ने सुरू होणारे आरजी, आरबी, आरआर हे रजिस्टर्ड.

जनरलवाल्याला इमारतीच्या उंचीची मर्यादा नाही. बिल्डिंगवाल्याला तीन मजल्यांपर्यंतची कामं करता येतात. रेसिडेन्शियलवाल्याने एक ते तीन कुटुंबांची, राहत्या दोन मजल्यांपर्यंतची घरं बांधावीत. तासांची एकूण संख्या सगळ्यांना सारखीच, पण वाऱ्याचा तास कुणाला सक्तीचा आणि कुणाला नाही, हे या अक्षरांवरून ठरतं.

परवाना देणारं खातं डीबीपीआर, म्हणजे राज्याचा व्यवसाय नियमन विभाग, आणि त्याखालचं बांधकाम परवाना मंडळ. खात्याच्या संकेतस्थळावर तुमचं खातं असेल. आजच उघडा आणि पत्ता, ईमेल तपासा. नूतनीकरणाची सूचना जुन्या भाड्याच्या घरी गेली म्हणून मुदत चुकली, असे दोघे माझ्या ओळखीत आहेत.

दुसरी पायरी: १४ तासांचा हिशेब मांडा

यातला एक तास किमान ५० मिनिटांचा धरतात. पुढचे विषय एकेक तासाचे आणि सक्तीचे: कामावरची सुरक्षा, कामगार नुकसानभरपाई विमा, व्यवसाय चालवण्याच्या पद्धती, परवान्यासंबंधीचे कायदे व नियम, फ्लोरिडा बिल्डिंग कोडचा प्रगत भाग, आणि जनरल, बिल्डिंग, रेसिडेन्शियल, रूफिंग अशा परवान्यांना वाऱ्यापासून बचावाचा तास. झाले सहा. उरलेले आठ तास तुमच्या पसंतीचे, फक्त कोर्स मंडळाने मान्य केलेला हवा.

एकच कोर्स त्याच दोन वर्षांत दुसऱ्यांदा केला तर त्याचे तास पुन्हा मिळत नाहीत. त्यामुळे काय केलं, कधी केलं, कुठल्या विषयात धरलं गेलं, याची वहीत किंवा एक्सेलमध्ये नोंद ठेवा.

तिसरी पायरी: संस्था निवडा

ऑनलाइन शोधलंत तर १४ तासांचं आख्खं पॅकेज विकणाऱ्या संस्था ढिगाने सापडतील. किंमत बघण्याआधी दोन गोष्टी तपासा. संस्थेचा आणि कोर्सचा मान्यता क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर सापडतो का, आणि सक्तीचे सगळे विषय त्या पॅकेजमध्ये वेगवेगळे दाखवले आहेत का. पैसे भरताना परवाना क्रमांक अक्षरांसकट, ताडून टाका. एका संस्थेने माझ्या क्रमांकातला एक आकडा चुकीचा नोंदवला होता, आणि माझ्या खात्यावर तास दिसेचनात. दुरुस्ती व्हायला दोन आठवडे गेले. मे महिना होता म्हणून निभावलं. दोन परवाने असतील तर दोन्ही क्रमांक द्या.

माझं मत असं, की सक्तीचे सहा ऑनलाइन केले तरी आठ तासांपैकी निदान चार वर्गात बसून करावेत. स्थानिक बिल्डर्स असोसिएशनच्या वर्गांत शेजारी प्लंबर बसलेला असतो, मागे काउंटीचा निवृत्त इन्स्पेक्टर असतो. चहाच्या सुट्टीत त्यांच्याकडून जे कळतं ते पडद्यावर कळत नाही.

चौथी पायरी: तास करताना काय पकडायचं

सुरक्षेच्या तासात नवं काही नाही असं जुन्या माणसांना वाटतं. मी त्यातून दरवेळी एकच काम करतो: उंचीचं काम तपासतो. बांधकामात सहा फुटांवर पडझडीपासून संरक्षण लागतं, हा ओशाचा, म्हणजे केंद्राच्या कामगार सुरक्षा खात्याचा, नियम. फ्लोरिडात खासगी साइटवर तोच लागू होतो. पडणं, वरून वस्तू लागणं, दोन गोष्टींमध्ये चिरडणं आणि विजेचा धक्का, या चार कारणांवर ओशाचा सगळा भर असतो. आपल्याकडे परांचीवर चपला घालून चढणारे गवंडी बघत आपण लहानाचे मोठे झालो. ती नजर बदलायला वेळ लागतो, म्हणून हा तास सोडू नये.

कामगार विम्याचा तास पैशाच्या दृष्टीने सगळ्यांत महाग. इतर धंद्यांत चार माणसं झाल्यावर हा विमा सक्तीचा होतो. बांधकामात एकाच माणसावर. कंपनीत किमान १० टक्के मालकी असलेल्या जास्तीत जास्त तीन पदाधिकाऱ्यांना सूट घेता येते. ती सूट दोन वर्षं टिकते, आणि सूट घेतलेला माणूस जखमी झाला तर त्याला या विम्यातून काही मिळत नाही. हे बायकोला आणि भागीदाराला आधी समजावून सांगा, मग सही करा. दुसरं म्हणजे सब-कंत्राटदाराकडे विमा नसेल तर त्याच्या माणसाची जबाबदारी वर तुमच्याकडे चढते. म्हणून विम्याचा दाखला सबच्या हातून घेऊ नका. त्याच्या एजंटकडून थेट मागवा, आणि काम सुरू व्हायच्या दिवशी राज्याच्या नोंदीत तो चालू आहे का ते बघा. इन्स्पेक्टर आला आणि विमा नसलेला माणूस सापडला तर आख्खी साइट बंद होते.

कायद्याच्या तासातली ही कलमं मी ऑफिसच्या भिंतीवर लावली आहेत. घराच्या कामात कराराच्या १० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेतली, तर पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत परमिटसाठी (त्या एका कामाच्या बांधकाम परवानगीसाठी) अर्ज करायचा आणि सगळी परमिटं मिळाल्यापासून ९० दिवसांत काम सुरू करायचं. मालकाशी थेट करार नसेल तर पैशाचा हक्क राखण्यासाठी पहिल्या कामापासून ४५ दिवसांत मालकाला नोटीस, आणि लीन (थकलेल्या पैशासाठी त्या मालमत्तेवरचा दावा) नोंदवायची मुदत शेवटच्या कामापासून ९० दिवस. बोली, करार, जाहिरात, सगळीकडे परवाना क्रमांक हवा.

आणि एक गोष्ट, जी आपल्या माणसांशी बोलताना अवघड जाते. “अरे, तुझ्या नंबरवर एवढं परमिट काढून दे ना, काम माझी माणसं करतील.” हे मागणारा बहुतेक वेळा मित्र असतो, गणपतीला त्याच्या घरी आपण जेवलेले असतो. तरीही नाही म्हणायचं. परवाना नसलेल्याला आपल्या क्रमांकावर काम करू देणं हा इथे परवाना जाण्याइतका मोठा गुन्हा आहे. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने कामावर खरोखर देखरेख ठेवावी, हेच त्या परवान्याचं मूळ. मित्राला सांगायचं असेल तर एवढंच सांगा: करार माझ्या कंपनीशी होऊ दे, पैसे माझ्या कंपनीत येऊ देत, साइटवर मी उभा राहतो. हे मान्य असेल तर काम करू.

आता वाऱ्याचा तास. यावर मी थोडा जास्त थांबणार आहे.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आदळलं. नंतरच्या पाहणीत घरामागून घरात एकच गोष्ट दिसली. छपराच्या आच्छादनाखालच्या फळ्यांचे खिळे आणि स्टेपल ट्रसमध्ये (छपराच्या लाकडी सांगाड्यात) गेलेच नव्हते, शेजारून निसटले होते. त्रिकोणी गेबल भिंती मागे न बांधल्याने बाहेर कोसळल्या. गॅरेजचं दार किंवा खिडकी आधी फुटली, वारा आत शिरला, आणि आतून वर दाब व बाहेरून ओढ अशा दोन्हींनी छप्पर उचललं गेलं. त्यातून राज्यभर एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड आला आणि १ मार्च २००२ पासून लागू झाला.

अँड्र्यूनंतर वर्षभराने, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा सोलापुरात डिप्लोमाला होतो. गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवसाची ती पहाट. पुढे आमच्या सरांनी वर्गात समजावलं, की तिथली घरं दगड कमी पडला म्हणून पडली नाहीत. जाड दगडी भिंती, वर मातीचं जड धाबं, आणि भिंतीला भिंतीशी, भिंतीला छपराशी धरून ठेवणारं काहीच नाही. कारणं उलटी आहेत. तिथे छप्पर खाली आलं, इथे वर गेलं. पण वाऱ्याच्या तासात ‘लोड पाथ’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला सरांचा तो फळा आठवला. छपरापासून पायापर्यंत जोडांची साखळी अखंड हवी: फळी ट्रसला, ट्रस भिंतीला, भिंत जोत्याला आणि जोतं पायाला. एक कडी सुटली तर बाकीच्या सगळ्या फुकट.

म्हणून या तासात हे नक्की पकडा: छपराच्या फळ्यांना रिंग शँक (अंगावर कड्या असलेले, सहज न निसटणारे) खिळे आणि त्यांचं अंतर, ट्रसला भिंतीशी धरणाऱ्या पट्ट्या, आणि त्या पट्टीतल्या प्रत्येक भोकात खिळा, उघड्या जागांना म्हणजे खिडक्या, दारं, गॅरेज यांना मान्यताप्राप्त संरक्षण, आणि कौलं किंवा शिंगल (छपरावरचे पातळ तुकडे) उडाली तरी पाणी आत येऊ न देणारा दुसरा थर. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्या ‘अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा’ म्हणून वेगळ्या धरल्या जातात. साध्या घरासाठी मायामी-डेडमध्ये ताशी १७५ मैल आणि ब्रॉवर्डमध्ये १७० मैल वारा धरून आराखडा करावा लागतो. तिथे काम घ्यायचं असेल तर वापरणाऱ्या प्रत्येक मालाची मान्यता त्या पट्ट्यासाठी आहे का, ते आधी बघा. टँपात चाललेली खिडकी तिथे चालेलच असं नाही.

या तासातून एक कमाईही होते. वादळापासून बचावाच्या पाहणीचा विम्यासाठी राज्याचा जो ठरावीक फॉर्म असतो, त्यावर जनरल, बिल्डिंग आणि रेसिडेन्शियल परवानाधारक सही करू शकतात. तो फॉर्म पाच वर्षं चालतो आणि घरमालकाला विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते. मात्र माळ्यावर स्वतः चढून पट्ट्या न बघता सही कधी करू नका. ती सही तुमच्या परवान्यावरची आहे.

कोडच्या तासाबद्दल एक उदाहरण देतो, म्हणजे तो का लागतो ते कळेल. फ्लोरिडा कोडची आवृत्ती दर तीन वर्षांनी बदलते. आठवी ३१ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली. पूर्वी छपराच्या एका भागाचा २५ टक्क्यांहून जास्त अंश वर्षभरात दुरुस्त केला तर तो आख्खा भाग नव्या कोडप्रमाणे करावा लागे. २०२२ च्या कायद्याने यात अपवाद आला: छप्पर २००७ च्या किंवा त्यानंतरच्या कोडप्रमाणे झालेलं असेल तर फक्त दुरुस्तीचा भाग नव्या कोडप्रमाणे करायचा. २००७ चा कोड प्रत्यक्षात १ मार्च २००९ ला लागू झाला. म्हणजे गिऱ्हाइकाने जुन्या छपराच्या दुरुस्तीचा भाव विचारला, की आधी त्या छपराच्या परमिटची तारीख बघायची. हे ज्याला माहीत नाही तो एक तर गिऱ्हाइकाचे हजारो डॉलर उगाच खर्च करवतो, नाहीतर इन्स्पेक्शनला नापास होतो.

पाचवी पायरी: पसंतीचे आठ तास

इथे बहुतेक जण पॅकेजमध्ये आलं ते घेतात. मी असं करतो: मागच्या दोन वर्षांतली नापास झालेली इन्स्पेक्शनं आणि गिऱ्हाइकांच्या परत बोलावण्याची यादी काढतो. त्यात जे दोनदा आलं त्याचा तास घेतो. एकदा स्टकोच्या (बाहेरच्या गिलाव्याच्या) भेगांतून पाणी मुरल्याच्या तीन तक्रारी निघाल्या, तर त्या फेरीत मी ओलावा आणि फ्लॅशिंग (सांध्यांतून पाणी शिरू न देणाऱ्या पट्ट्या) यांवर तीन तास घालवले. पुढच्या दोन वर्षांत तशी तक्रार आली नाही.

किनाऱ्याजवळ काम असेल तर पुराच्या नियमांवर दोन तास द्याच. २६ सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात टँपाशेजारच्या पिनेलस काउंटीतल्या सखल वस्त्यांत घराघरात समुद्राचं पाणी शिरलं, आणि दुरुस्तीला निघालेल्या कितीतरी मालकांना ५० टक्क्यांचा नियम तेव्हा कळला. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा जास्त झाला, तर आख्खं घर आजच्या पूर नियमांत बसवावं लागतं, बहुधा उंच उचलावं लागतं. यात जमिनीची किंमत धरत नाहीत, फक्त बांधकामाची. किनाऱ्यावर जमीन महाग आणि घर जुनं, त्यामुळे ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते. स्वयंपाकघर बदलायचा करार करण्याआधी हे मालकाला कागदावर मांडून दाखवावं लागतं. रडणाऱ्या माणसाला हा नियम सांगणं कठीण असतं. पण भिंती फोडून झाल्यावर सांगणं त्याहून वाईट.

उंच इमारतींत दुरुस्ती करणाऱ्यांनी काँक्रीट आणि सळीच्या गंजावरचे तास घ्यावेत. मायामीजवळच्या सर्फसाइडची कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटची) इमारत २४ जून २०२१ ला कोसळली आणि ९८ माणसं गेली. त्यानंतर तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या कॉन्डो इमारतींची ठरावीक वयाला तपासणी सक्तीची झाली. तपासणी इंजिनीअर किंवा आर्किटेक्ट करतो, दुरुस्ती मात्र आपल्याकडे येते.

सहावी पायरी: नोंद पोचली का?

कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र मिळतं. ते जपून ठेवा. तपासणीत मागितलं जाऊ शकतं. पण खात्याला तुमचं प्रमाणपत्र नको असतं, संस्थेने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेली नोंद हवी असते. कोर्सनंतर आठवड्याभराने आपल्या खात्यात जाऊन तास विषयवार मोजा. १४ दिसतात म्हणून थांबू नका. पंधरा तास झालेले आणि कायद्याचा तासच राहिलेला, असं होऊ शकतं.

सातवी पायरी: अर्ज

तास पूर्ण दिसले, की ऑनलाइन अर्ज आणि शुल्क ही अर्ध्या तासाची बाब आहे. सही करताना तुम्ही विम्याची ग्वाही देत असता, म्हणून पॉलिसी समोर ठेवा. जनरल आणि बिल्डिंग परवान्याला शारीरिक इजेसाठी किमान ३ लाख डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५० हजार डॉलरचं संरक्षण लागतं. कामगार विमा किंवा त्याची सूट चालू आहे का, तेही त्याच वेळी बघा. सूट आणि परवाना दोन्ही दोन वर्षांचे असले तरी त्यांच्या तारखा वेगळ्या असतात.

माझं वेळापत्रक सांगतो. वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो. डिसेंबरात, यंदा छपरांचं काय झालं हे डोक्यात ताजं असताना, वाऱ्याचा आणि कोडचा तास. दुसऱ्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये वर्गातले तास. एप्रिलमध्ये विमा, कायदा, सुरक्षा आणि व्यवसाय. १ जूनला नवा हंगाम सुरू होण्याआधी १४ तास खात्यावर दिसले पाहिजेत. अर्ज घेणं सुरू झालं, की त्याच आठवड्यात भरायचा.

मुदत हुकलीच तर

परवाना ‘डेलिंक्वंट’, म्हणजे मुदतबाह्य, होतो. त्या स्थितीत नवं काम घेऊ नका, परमिट काढू नका. तास पूर्ण करून, विलंबाच्या जादा शुल्कासह तो परत चालू करता येतो. पण पुढचं दोन वर्षांचं चक्र तसंच गेलं तर परवाना रद्दबातल होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. परवान्याविना केलेल्या कराराचे पैसे कंत्राटदाराला कोर्टातून वसूल करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. काही वर्षं भारतात परतणार असाल किंवा नोकरीत जाणार असाल, तर परवाना मरू देण्यापेक्षा ‘इनॲक्टिव्ह’ करून ठेवा. काम करता येणार नाही, पण परवाना हातचा जाणार नाही.

नूतनीकरण झालं, की संकेतस्थळावर ‘करंट, ॲक्टिव्ह’ असं दिसतं. ते पान छापा. ज्या ज्या काउंटीत आणि शहरात परमिट काढता, तिथल्या बांधकाम विभागाकडे नवा परवाना आणि विम्याचे ताजे दाखले पाठवा. त्यांच्या संगणकात जुनी तारीख राहिली तर १ सप्टेंबरला तुमचं परमिट तिथेच अडकतं, राज्याने परवाना दिलेला असला तरी.